घरांतील विजेची जोडणी : तिचे शब्द, तिचे भाग व तिसऱ्या तारेचें महत्त्व

खेड्यापाड्यांतील घरांत वीज येऊन आतां बराच काळ लोटला. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ १९६० सालीं स्थापन झालें. २००५ सालीं त्याचे भाग होऊन राज्याच्या बहुतेक प्रदेशांत घरोघर वीज पोहोंचविण्याचें काम महावितरण कंपनीकडे आलें. या अवधींत दिव्यामागून पंखा, पंख्यामागून शीतकपाट, पाणी तापविण्याचें यंत्र, कडबा कापण्याचें यंत्र व आडावरची लहान मोटर अशीं साधनें शेतकऱ्याच्या घरीं आलीं. साधनें वाढलीं, परंतु त्यांस वीज पुरविणाऱ्या जोडणीचें ज्ञान मात्र वायरमनपाशींच राहिलें. बैल घ्यावयाचा तर आपण त्याचे दांत पाहतों, बीं घ्यावयाचें तर दाणा हातावर घेऊन पारखतों. पण घरांत वायरिंग होत असतां बटणें किती व बोर्ड कोठें यापलीकडे सहसा कोणी विचारीत नाहीं. विचारावयाचें तर शब्द ठाऊक पाहिजेत. ते शब्द व त्यांमागील अर्थ आमच्या वाचकांपुढें मांडावे हा या लेखाचा हेतु आहे.

एक गोष्ट आरंभींच सांगून ठेवितों, कारण पुढील सर्व विवेचन तिच्याचभोंवतीं आहे. तारेचें रक्षण आणि माणसाचें रक्षण हीं दोन निराळीं कामें आहेत व त्यांचीं साधनेंही निराळीं आहेत. घरांत फ्यूज किंवा एम.सी.बी. आहे, तेव्हां माणूस सुरक्षित आहे, ही समजूत सार्वत्रिक आहे आणि ती साफ चुकीची आहे.

दाब, प्रवाह व रोध

विजेचे तीन मूळ शब्द पाण्याच्या दृष्टांतानें लवकर समजतात. उंचावरील टाकींतून नळीनें पाणी खालीं येतें तेव्हां टाकीच्या उंचीमुळें त्यास जोर असतो. विजेच्या या जोरास दाब म्हणतात व तो व्होल्टमध्यें मोजतात. नळींतून दर क्षणास किती पाणी वाहतें तो प्रवाह. विजेचा प्रवाह अँपिअरमध्यें मोजतात. नळी बारीक व लांब असली म्हणजे पाण्यास अडथळा होतो. तसा विजेस होणारा अडथळा म्हणजे रोध, व त्याचें माप ओहम. दाबास रोधानें भागिलें असतां प्रवाह निघतो. हा एक हिशेब ध्यानांत असला तर घरांतील विजेचीं पुष्कळ कोडीं आपोआप सुटतात.

आपल्याकडे घरगुती जोडणीचा दाब २३० व्होल्ट असतो. दाब व प्रवाह यांचा गुणाकार केला म्हणजे वॅट, अर्थात् शक्ति निघते. पाणी तापविण्याचें २००० वॅटचें यंत्र सुमारें पावणेनऊ अँपिअर प्रवाह घेतें. ९ वॅटचा एल.ई.डी. दिवा एका अँपिअरचा पंचविसावा हिस्साही पुरता घेत नाहीं. एक हजार वॅटचें यंत्र एक तास चाललें म्हणजे एक युनिट वीज खर्च होते, व बिल येतें तें या युनिटांचें. मोटरीवर लिहिलेला अश्वशक्तीचा आंकडा ती काम किती देते हें दाखवितो. एक अश्वशक्ति म्हणजे ७४६ वॅट. परंतु मोटर स्वतः कांहीं शक्ति खाते, म्हणून तिला लागणारी वीज याहून अधिक असते.

फेज आणि न्यूट्रल

येथें मात्र पाण्याचा दृष्टांत सोडावा लागतो. नळी फुटली कीं पाणी वाटेल तेथें सांडतें. वीज तशी सांडत नाहीं. ती जेथून निघाली तेथें परत जाण्याचा मार्ग मिळाला तरच वाहते. म्हणून घरांत किमान दोन तारा येतात. जिच्यावर दाब असतो ती फेज. जिच्यांतून प्रवाह डी.पी.कडे परत जातो ती न्यूट्रल. ही न्यूट्रल डी.पी.पाशीं जमिनींत पुरलेल्या धातूस जोडलेली असते.

या शेवटच्या वाक्यांत सर्व धोक्याचें मूळ आहे. न्यूट्रल जमिनीस जोडलेली असल्यामुळें जमीन हाही विजेचा परतीचा एक मार्ग होतो. ओल्या जमिनीवर अनवाणी उभ्या असलेल्या माणसाचा हात फेजला लागला कीं प्रवाह हातांतून देहांत, देहांतून पायांत, पायांतून जमिनींत व जमिनींतून डी.पी.कडे जातो. त्याच तारेवर बसलेल्या पांखरास कांहीं होत नाहीं, कारण त्याच्यापुढें परतीची वाटच नसते.

मीटरपासून दिव्यापर्यंत

खांबावरून येणारी सर्व्हिस वायर प्रथम मीटरमध्यें जाते. मीटरपर्यंतची बाजू कंपनीची. मीटरपुढील सर्व जोडणी घरमालकाची व तिची जबाबदारीही त्याचीच. मीटरनंतर मेन स्विच येतो. हा फेज व न्यूट्रल अशा दोन्ही तारा एकाच वेळीं तोडणारा असावा. त्यापुढें वांटपाची पेटी असते. मुख्य पाटापासून निरनिराळ्या चाऱ्या निघाव्या तशा तेथून घरांतील शाखा निघतात : एक दिव्यापंख्यांची, एक स्वयंपाकघराची, एक मोटरीची, एक गोठ्याची. प्रत्येक शाखेस स्वतंत्र एम.सी.बी. असावा, म्हणजे गोठ्यांतील दोषानें सबंध घर अंधारांत पडत नाहीं.

तारांचे रंग शोभेसाठीं नसतात. प्रचलित पद्धतींत फेज तांबडी, न्यूट्रल काळी व अर्थची तार हिरवी किंवा हिरवी-पिवळी असते. तीन फेजची जोडणी असल्यास फेज तांबडी, पिवळी व निळी असते. हिरवी तार अर्थखेरीज दुसऱ्या कोणत्याही कामास लावूं देऊं नये. आज उरलेल्या हिरव्या तुकड्यानें फेज ओढून काम भागविलें, तर दहा वर्षांनीं दुसरा कारागीर तिला निर्धोक समजून हात लावील.

दिव्याचें बटण नेहमीं फेजच्या तारेंतच असावें. तें न्यूट्रलमध्यें बसविलें तरी दिवा लागतो आणि विझतो, त्यामुळें चूक दिसून येत नाहीं. परंतु दिवा विझलेला असतांनाही होल्डरवर पूर्ण दाब असतो, व दिवा बदलणाऱ्या माणसास धक्का बसतो. तीन भोंकांच्या सॉकेटाकडे समोरून पाहिलें असतां वरचें मोठें भोंक अर्थचें, उजव्या हाताचें फेजचें व डाव्या हाताचें न्यूट्रलचें असावें. पिनेची अर्थची कांडी इतर दोहोंहून लांब असते, कारण दाब पोहोंचण्यापूर्वीं यंत्राचा जमिनीशीं संबंध जुळावा. ती कांडी कापून किंवा उघड्या तारा काडीनें खोंचून यंत्र चालविणें म्हणजे ही सर्व योजना मोडून टाकणें होय.

फ्यूज व एम.सी.बी. : तारेचे राखणदार

तारेंतून प्रवाह वाहिला कीं ती थोडी तापते. प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता चौपट होते. ठराविक मर्यादेपलीकडे तारेचें वेष्टन वितळतें व आग लागते. याकरितां वाटेंत मुद्दाम एक अशक्त दुवा ठेवितात, तो फ्यूज. आपल्याकडे ज्यास किटकॅट म्हणतात त्या चिनी मातीच्या साधनांत बारीक तार असते. प्रवाह फाजील झाला कीं ती वितळते व मार्ग तुटतो. एम.सी.बी. हें त्याचेंच सुधारलेलें रूप. तो वितळत नाहीं. त्याची कळ खालीं पडते, व दोष काढल्यावर ती पुन्हां वर करितां येते.

वारंवार फ्यूज उडतो म्हणून त्यांत तांब्याच्या जाड तारांचा पीळ भरण्याची रीत फार पसरली आहे. असें केल्यानें फ्यूज उडत नाहीं हें खरें, पण मग पुढचा अशक्त दुवा भिंतीच्या आंतील तार होते. एम.सी.बी. वारंवार पडतो म्हणून १६ अँपिअरच्या जागीं ३२ अँपिअरचा बसविणें ही त्याच चुकीची नवी आवृत्ति आहे. एम.सी.बी.चा आंकडा तारेच्या जाडीवरून ठरतो. यंत्रें किती वाढलीं यावरून तो ठरवावयाचा नसतो.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. ओल्या हातापायांच्या माणसाच्या देहाचा रोध साधारण एक हजार ओहम धरितात. २३० व्होल्टास एक हजारानें भागिलें म्हणजे प्रवाह ०.२३ अँपिअर, अर्थात् २३० मिलिअँपिअर येतो. एक मिलिअँपिअर म्हणजे अँपिअरचा हजारावा भाग. सुमारें एक मिलिअँपिअर प्रवाह झाला कीं माणसास मुंग्या येतात. दहाच्या सुमारास स्नायू आवळून हात तारेस धरून राहतो व सोडवत नाहीं. तिसाच्या पुढें, प्रवाह चालू राहिल्यास, श्वास व हृदय यांस धोका उत्पन्न होतो. म्हणजे २३० मिलिअँपिअर प्राण घेण्यास पुरून उरतात. परंतु १६ अँपिअरच्या एम.सी.बी.स हा प्रवाह त्याच्या मर्यादेच्या सुमारें सत्तराव्या हिश्शाएवढाच दिसतो. माणूस मरत असतां तो स्वस्थ राहतो. यांत त्याचा दोष नाहीं. तें त्याचें कामच नव्हे.

तिसरी तार

मोटरीच्या आंतील वेष्टन जुनें होऊन किंवा उंदरानें कुरतडून फेजची तार तिच्या लोखंडी अंगास टेंकली, तर तें सर्व अंग दाबाखालीं येतें. मोटर चालूच राहते. बाहेरून कांहीं दिसत नाहीं. पहिला हात लागेल त्याच्या देहांतून प्रवाह जमिनींत जातो. हें टाळण्यासाठीं यंत्राचें धातूचें अंग एका तिसऱ्या तारेनें जमिनीशीं जोडून ठेवितात. यास अर्थिंग म्हणतात. माणसाच्या मानानें या तारेचा रोध फारच थोडा असल्यामुळें गळणारा प्रवाह मुख्यतः तिच्यांतून जातो.

ही तार जमिनींत जेथें संपते तेथें भारतीय मानक ३०४३ प्रमाणें लोखंडी जस्तलेपित नळी, तांब्याची कांब किंवा पत्रा पुरितात. नळी असेल तर ती निदान ३८ मिलिमीटर व्यासाची व सुमारें अडीच मीटर लांबीची असावी, आणि इमारतीपासून निदान दीड मीटर दूर असावी. भोंवतालीं कोळसा व मीठ घालण्याची रीत आहे. त्यानें ओल टिकून रोध कमी राहतो, मात्र मिठानें लोखंड गंजतें हेंही ध्यानांत ठेवावें. भिंतींत एक खिळा ठोकून त्यास हिरवी तार गुंडाळणें हें अर्थिंग नव्हे.

जमिनीची जात येथें शेतकऱ्यास चांगली समजेल. ओली काळी जमीन वीज चांगली वाहते. मुरूम व खडक वाईट. परंतु तीच काळी जमीन वैशाखांत भेगाळते, नळीपासून सुटते, व पावसाळ्यांत उत्तम असलेलें अर्थिंग ऐन उन्हाळ्यांत निकामी होतें. म्हणून खड्ड्याचें तोंड बांधून ठेवावें, उन्हाळ्यांत त्यांत अधूनमधून पाणी घालावें, व वर्षांतून एकदां, शक्य तर एप्रिल-मे महिन्यांत, वायरमनकडून अर्थ टेस्टरनें रोध मोजून घ्यावा.

इतकें करूनही नुसत्या अर्थिंगवर विसंबतां येत नाहीं. परतीच्या वाटेंतील जमिनीचा एकंदर रोध दहा ओहम धरला, तर दोषाच्या वेळीं २३० भागिलें दहा, म्हणजे २३ अँपिअर प्रवाह वाहील. १६ अँपिअरचा एम.सी.बी. एवढ्या प्रवाहानें तत्काळ पडत नाहीं. त्यास पुष्कळ वेळ लागेल, कदाचित् तासभरही तो पडणार नाहीं. तोंवर मोटरीच्या अंगावर घातक दाब राहूं शकतो. ही उणीव पुढील साधन भरून काढतें.

आर.सी.सी.बी. : माणसाचा राखणदार

या साधनाचें तत्त्व साधें आहे. फेजनें जितका प्रवाह गेला तितकाच न्यूट्रलनें परत आला पाहिजे. पोतीं मोजून गाडींत भरलीं व उतरतांना एक कमी भरलें, तर वाटेंत तें कोठें तरी गेलें हें निश्चित. आर.सी.सी.बी. हा जाणारा व येणारा प्रवाह सतत ताडून पाहतो. त्यांत ठराविक अंतर पडलें, म्हणजे प्रवाह भलत्या वाटेनें जमिनींत जात आहे असें समजून तो दोन्ही तारा तोडतो. घरासाठीं हें अंतर ३० मिलिअँपिअरचें असावें. वर काढलेला २३० मिलिअँपिअरचा प्रवाह देहांतून वाहूं लागला तर तो सेकंदाच्या पंचविसाव्या भागांत वीज बंद करितो. धक्का जाणवतो, पण प्राण वांचण्याचा संभव फार वाढतो. बाजारांत पुष्कळ जण यासच ई.एल.सी.बी. म्हणतात, वस्तुतः त्या नांवाचें जुनें साधन निराळ्या तत्त्वावर चालत असे. घेतांना त्यावर ३० मिलिअँपिअर व आय.एस.आय. चिन्ह आहे एवढें पाहावें.

अर्थिंग व आर.सी.सी.बी. यांची जोडी आहे. अर्थिंग नसेल तरी आर.सी.सी.बी. पडेल, पण तो माणसाचा हात लागल्यावर. अर्थिंग असेल तर दोष उत्पन्न होतांच गळती जमिनींत सुरू होऊन, कोणाचा हात लागण्यापूर्वींच तो पडेल. शिवाय त्याच्याही मर्यादा आहेत. तो तारेस फाजील प्रवाहापासून वांचवीत नाहीं, म्हणून एम.सी.बी. वेगळा पाहिजेच. आणि एक हात फेजला व दुसरा न्यूट्रलला लागला व माणूस कोरड्या लांकडावर उभा असला, तर प्रवाहाच्या हिशेबांत अंतर न पडल्यामुळें तो पडणार नाहीं.

त्यावर एक लहान कळ असते. महिन्यांतून एकदां ती दाबावी. साधन तत्काळ पडलें पाहिजे. न पडल्यास तें बदलावें. पावसाळ्यांत तें वारंवार पडतें अशी तक्रार ऐकूं येते, व त्यावर उपाय म्हणून तें मधून काढून तारा थेट जोडून दिल्या जातात. हा प्रकार कुत्रें रात्रीं भुंकतें म्हणून त्यास हांकून देण्यासारखा आहे. कोठें तरी ओल शिरली आहे किंवा वेष्टन गेलें आहे असें तें सांगत असतें. एकेक शाखा बंद करून पाहिली म्हणजे दोष कोणत्या शाखेंत आहे तें सांपडतें.

जमिनीचा न्यूट्रल : एक घातक युक्ति

शेतावर कधीं कधीं फेज मिळते, पण न्यूट्रल नसते. अशा वेळीं जमिनींत एक कांब ठोकून तिलाच न्यूट्रलसारखी वापरून दिवा लावण्याची युक्ति पुष्कळांस ठाऊक आहे. दिवा लागतो, पण दिव्याचा सर्व प्रवाह त्या कांबींतून जमिनींत उतरत असतो. कांबीचा स्पर्श जमिनीशीं चांगला नसेल तर ती व तिच्या भोंवतालची जमीन दाबाखालीं येते. कांबीजवळ दाब अधिक, दूर कमी. त्यामुळें दोन पावलांमध्येंही दाबाचें अंतर पडतें. माणसापेक्षां जनावरास याचा धोका मोठा, कारण बैलाचे पुढचे व मागचे पाय एकमेकांपासून बरेच दूर असतात, आणि प्रवाह पुढून मागें जातांना हृदयाजवळून जातो. गोठ्याजवळ किंवा आडाजवळ अशी कांब ठोकणें म्हणजे गुरांच्या पायांखालीं सांपळा ठेवणें होय. तसेंच घरांतील अर्थची तार न्यूट्रल म्हणून कधींही वापरूं देऊं नये. ती मध्येंच तुटली तर घरांतील सर्व यंत्रांचीं अंगें एकदम दाबाखालीं येतील.

तारेची जाडी

तार तिच्या छेदाच्या क्षेत्रफळानें, चौरस मिलिमीटरांत, ओळखली जाते. तांब्याची १.५ ची तार दिव्यापंख्यांस, २.५ ची १६ अँपिअरच्या सॉकेटास व ४ ची पाणी तापविण्याच्या मोठ्या यंत्रास, ही घरगुती कामांत सामान्य रीत आहे. अंतर लांब असेल तेव्हां मात्र दाबाचा ऱ्हासही पाहावा लागतो. घरापासून १०० मीटरवरील आडावर एक अश्वशक्तीची मोटर सुमारें ७ अँपिअर घेते असें धरूं. जातांना व येतांना मिळून तार २०० मीटर झाली. १.५ च्या तारेंत सुमारें १७ व्होल्ट वाटेंतच खर्च होतात, २.५ च्या तारेंत सुमारें १०, व ४ च्या तारेंत साडेसहा. गांवांत आधींच दाब कमी असेल तर बारीक तारेवर मोटर जोर धरीत नाहीं, अधिक प्रवाह ओढते व शेवटीं जळते. तारेंत वांचविलेले पैसे मोटर पुन्हां बांधून घेण्यांत जातात.

घरमालकानें काय पाहावें

नवीन वायरिंग करितांना किंवा जुनी तपासतांना पुढील गोष्टी स्वतः विचारून घ्याव्या :

१. काम करणारा परवानाधारक आहे काय, व काम झाल्यावर तो चांचणीचा लेखी अहवाल देतो काय.

२. प्रत्येक सॉकेटापर्यंत तिसरी तार खरोखर आली आहे, कीं भोंक नुसतें दाखविण्यापुरतें आहे.

३. अर्थिंगचा खड्डा कोठें आहे, व त्याचा रोध मोजून किती आला.

४. ३० मिलिअँपिअरचा आर.सी.सी.बी. बसविला आहे काय, व कळ दाबतांच तो पडतो काय.

५. प्रत्येक शाखेचा एम.सी.बी. तिच्या तारेच्या जाडीस योग्य आहे काय.

६. सर्व बटणें फेजमध्येंच आहेत काय.

७. न्हाणीघर, गोठा व अंगण येथील सॉकेटें पाण्याच्या शिंतोड्यांपासून आडोशास आहेत काय. कपडे वाळविण्याची लोखंडी तार विजेच्या तारेजवळून तर गेली नाहीं ना.

इतकी काळजी घेऊनही कोणास धक्का बसलाच, तर त्यास हात लावूं नये. प्रथम मेन स्विच बंद करावा. तें शक्य नसल्यास कोरड्या लांकडावर उभें राहून कोरड्या काठीनें त्यास तारेपासून दूर करावें. श्वास थांबला असल्यास छातीच्या मध्यावर दोन्ही हातांनीं जोरानें व जलद दाब देणें तत्काळ सुरू करावें, व दुसऱ्या माणसानें १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. बाहेरची तार तुटून पडली असल्यास तिच्याजवळ जाऊं नये, गुरें दूर न्यावीं व महावितरणच्या १९१२ या क्रमांकावर कळवावें. डी.पी.वर स्वतः चढून फ्यूज घालण्याचें धाडस कोणींही करूं नये.

आर.सी.सी.बी. व चांगलें अर्थिंग यांचा मिळून खर्च एका चांगल्या मोटरीच्या किंमतीहून कमी येतो. घरांत हीं दोन्ही नसतील त्यांनीं पुढील पावसाळ्याची वाट न पाहतां तीं बसवून घ्यावीं. ज्यांच्याकडे आहेत त्यांनीं हा अंक खालीं ठेवण्यापूर्वीं एकदां उठून ती लहान कळ दाबून पाहावी, अशी आमची त्यांस आग्रहाची विनंति आहे.